अल्पभूधारक कुटुंबांचा अभ्यास करायचा आहे. जनगणना वापरू की सर्वेक्षण?

दोन्ही लागतील, पण आधी कोण काय मोजतं ते बघा. जनगणना माणसं मोजते : २०११ मध्ये देशात शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी. कृषी गणना मोजते वहितीखाती, म्हणजे एक घटक म्हणून कसली जाणारी जमीन. २०१५-१६ मध्ये सरासरी खातं १.०८ हेक्टरचं होतं आणि ८६ टक्के खाती दोन हेक्टरच्या आतली.

इथेच लोक फसतात. खातं म्हणजे कुटुंब नव्हे. महाराष्ट्रात ही गणना मुख्यतः जमिनीच्या नोंदींवर उभी आहे. सातबारा अजून आजोबांच्या नावावर, तीन भाऊ मात्र वेगळे पेरतात, चुलीही तीन. उलटही होतं : कागदावर वाटणी झालेली, पण बैलजोडी एक आणि हिशेबाची वही एक. बटाईदार तर बहुतेकदा नोंदीत नसतोच.

कुटुंब हवं असेल तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७७वी फेरी उघडा. तिथे शेतकरी कुटुंब ठरवायला जमिनीची अटच नाही. वर्षाला ४,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं शेती उत्पादन आणि घरातला एक तरी माणूस शेतीत स्वयंरोजगारावर, एवढंच. २०१८-१९ मध्ये अशा कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८! म्हणजे सुमारे चाळीस टक्के घर मजुरी-पगारावर चालतं, हे सातबाऱ्यावर कुठे दिसणार?

या फेरीची कच्ची माहिती फुकट मिळते. फक्त भारांक (नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या जागी धरायचं तो आकडा) लावायला विसरू नका, आणि जिल्ह्याचा आकडा त्यातून काढत बसू नका, नमुना तेवढा मोठा नसतो.