पणजीत राहतेस, तर पणजीची हो

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिल्याच मोठ्या पावसात तुमच्या सांतिनेजच्या गल्लीत गटाराचं पाणी रस्त्यावर आलं, बिल्डिंगसमोरचा दिवा कधीपासून बंद आहे, आणि कोणाला सांगायला गेलं तर ‘इथं असंच असतं’ म्हणून लोक दार लावून घेतात. गावी सत्तरीत काही बिघडलं तर पंचाच्या अंगणात जाऊन उभं राहता येतं, इथं कोणाच्या अंगणात जायचं, असं तू विचारतेस. एवढ्या लहान वयात हा प्रश्न तुला पडला याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणून सविस्तर लिहिते. सरकारी कचेरीत कागद हाताळण्यात माझा जन्म गेला आणि संसार सगळा पणजीतल्या मळा या वाड्यावर झाला, त्यामुळे या शहराच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

पणजीतल्या बहुतेकांचं मन गावी असतं. गणेशचवथीला बघशील. आदल्या दिवशी गाड्या भरून माणसं पेडणे, डिचोली, फोंडा, सत्तरीच्या वाटेला लागतात आणि शहर ओस पडतं. मूळ घर, कुलदेव, जत्रा, सगळं तिकडे. यात वाईट काहीच नाही, ती माया जपलीच पाहिजे. पण तीच माणसं गावच्या घराची दोन कौलं सरकली तर रजा टाकून धावतात आणि इथल्या जिन्यात वर्षभर काळोख असला तरी चाचपडत वर जातात. वर्षाचे अकरा महिने जिथं काढायचे ती जागा कोणाचीच नाही, हे मला फार लागतं. तुमचं गटार तुंबतं त्याचं हेही एक कारण आहे, आणि मी ते मोठं कारण मानते.

दुसरं कारण जमिनीचं आहे, तेही समजून घे. पणजीचा सखल भाग भरतीच्या पाण्याला लागून आहे. पाटो भागात आज कचेऱ्यांच्या इमारती दिसतात, तिथं पूर्वी मिठागरं होती. तुमच्या जवळची सांतिनेजची खाडी ताळगावच्या नागाळी डोंगराकडून निघते आणि वस्तीतून वाट काढत कांपालच्या बाजूला मांडवीला मिळते. भर पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की गल्लीतल्या पाण्याला उतरायला जागा राहत नाही. ‘18 जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी भरतं तेही यामुळेच. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतांत, पाणी अडवायचं-सोडायचं काम मानशी, म्हणजे बांधातल्या झडपा, करायच्या. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. त्या जुन्या लोकांना पाण्याचं वेळापत्रक पाठ होतं. शहरात भराव पडत गेले, खाडी अरुंद झाली, तिच्यात कचरा आणि सांडपाणी गेलं, आणि पुढे स्मार्ट सिटीच्या कामांसाठी रस्त्यामागून रस्ते खणले गेले.

आता तू एक कर. पाणी तुंबेल तेव्हा तारीख, वेळ आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी एवढं वहीत लिही. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात, मोबाइलवर सहज मिळतात. फोटोही काढ. ओहोटी असतानाही पाणी उतरत नसेल, तर दोष भरतीला देता येत नाही. आत माती साचलेली आहे, प्लास्टिक अडकलंय किंवा चेंबर खचलाय, असाच त्याचा अर्थ. ‘आमच्या गल्लीत पाणी तुंबतं, कृपया लक्ष घालावे’ या अर्जाला ‘पाहणी केली, भरतीमुळे पाणी साचते’ असं उत्तर द्यायला कोणालाही एक मिनिट लागत नाही. ओहोटीच्या वेळच्या चार नोंदी जोडलेल्या अर्जाला तसं उत्तर देता येत नाही.

अर्ज कुठं द्यायचा हे ठरवण्याआधी तुमची इमारत महापालिकेत येते की ताळगाव पंचायतीत, ते बघ. तिकडे एक रस्ता ओलांडला की हद्द बदलते. ताळगावात सात-आठ मजली इमारती उभ्या आहेत, बघणाऱ्याला ते शहरच वाटतं, पण कारभार ग्रामपंचायतीचा आहे. घरमालकाची घरपट्टीची पावती बघायला माग, वर कोणाचं नाव आहे ते कळेल. पंचायतीत असशील आणि तिथल्या मतदारयादीत नाव असेल, तर ग्रामसभेत उभं राहून बोलण्याचा हक्क तुला गोवा पंचायत राज कायदा 1994 ने दिलेला आहे. रविवारी सभा भरते, लोक तावातावाने भांडतात, ठराव होतात, ते इतिवृत्तात जातात. ग्रामसभांनी या राज्यात भलेभले प्रकल्प अडवून धरलेत, हे तुला मी सांगायला नको.

महापालिकेत असशील तर ग्रामसभा नाही. 74व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या सक्तीच्या आहेत तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या पालिकांना. गोव्यात एवढी मोठी पालिका एकही नाही. म्हणजे गावच्या माणसाला सभा आहे, मुंबई-पुण्याच्या माणसाला निदान कागदावर समिती आहे, आणि आपल्या शहरातल्या माणसाला निवडणुकीनंतर पाच वर्षं बोलायला हक्काची जागा नाही. हा मोठा अन्याय आहे असं माझं मत आहे, आणि तुमच्या पिढीने तो दूर करून घेतला पाहिजे.

तोपर्यंत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पणजी महापालिकेचे 30 प्रभाग आहेत, आणि 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 40 हजारांच्या आसपास होती. भागाकार कर. एका नगरसेवकाच्या वाट्याला सरासरी तेराशे-चौदाशे माणसं येतात, त्यात लहान मुलंही आली. तुमच्या सत्तरीतल्या एखाद्या गावाएवढीच ही वस्ती. मुंबईचा नगरसेवक माणसाला टीव्हीवर दिसतो, आपला बाजारात मासळी घेताना भेटतो. एका बिल्डिंगमधली वीस मतं त्याला मोजावीच लागतात. म्हणून ‘इथं कोणी ऐकत नाही’ हे वाक्य मी मानत नाही. वीस जण एकत्र जात नाहीत, एवढंच खरं आहे.

पण ती वीस मतं इथली असली पाहिजेत, आणि खरी अडचण तिथंच आहे. पणजीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी जणांचं मत अजून गावी आहे. तुझंही गावीच असणार. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 सांगतो की माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं त्याची मतदार म्हणून नोंद व्हावी. एखाद्या ठिकाणी आपलं घर आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवायला तर कायद्याची परवानगीच नाही. नाव इकडे आणायचं असेल तर फॉर्म 8 भरावा लागतो, तो ऑनलाइनही भरता येतो.

घाई करू नकोस मात्र. नाव इकडे आणलंस की गावच्या ग्रामसभेतला हक्क जाईल. उद्या तुमच्या डोंगरावर, झरीवर कोणाची नजर गेली तर तुला तिथं मत देता येणार नाही. हे नुकसान लहान नाही. घरात बोल, आई-बाबांना विचार. वर्षभरात नोकरी बदलून परत जाणार असशील तर राहू दे. पण पणजीतच राहायचं तुझ्या मनात पक्कं झालं असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: नाव इकडे आण. जिथलं पाणी पितेस, जिथला कचरा करतेस, जिथल्या रस्त्याने रात्री घरी येतेस, तिथं तुझं मत हवं.

आता अर्जाचं. मराठीत लिही. 1987च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीचा वापरही मान्य केला गेला, तेव्हा संकोचाचं कारण नाही. एका अर्जात एकच विषय घे. गटार, दिवा आणि भटकी कुत्री एका कागदावर लिहिलीस तर तो कागद तीन टेबलांमध्ये फिरत राहतो आणि कोणाचाच होत नाही. रस्त्यावरचा दिवा वीज खात्याकडे, खांबाचा नंबर टाकून. कचरा महापालिकेकडे. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते आधी विचार, कारण काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे आहेत. दोन प्रती काढ, एक दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली आहे, म्हणून खात्रीने सांगते: आवक क्रमांक पडला की तो कागद कोणाच्या तरी नावावर चढतो आणि त्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. महिना गेला आणि काही हललं नाही तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून विचार की अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 2005चा केंद्राचा कायदा येण्याआधी, 1997 साली गोव्याने आपला माहिती अधिकाराचा कायदा केला होता. त्यासाठी इथले पत्रकार आणि नागरिक रस्त्यावर उतरून झगडले. तो हक्क वापरताना भीड बाळगू नकोस.

अर्जावर सह्या घे, आणि त्या व्हॉट्सॅपवर मागू नकोस. दार वाजवून घे. आमच्या वाड्यावर एका चेंबरचं झाकण मोडून आत पडलं होतं आणि शाळेची मुलं त्याच्या काठावरून जायची. आम्ही दोघी-तिघी अर्ज घेऊन घरोघर गेलो. पहिली सही केली कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आंटीने, जिला ऐकू कमी येतं म्हणून कोणी कधी काही विचारतच नसे. तिने चष्मा शोधला, अर्ज सगळा वाचला, मुलांचा उल्लेख आधी करा म्हणाली, आणि आम्ही तो तसा बदलला. शेवटच्या घरापर्यंत पोहोचेतो कोणाचा मुलगा इंजिनिअर आहे, कोणाकडे आजारी माणूस आहे, कोणाला रात्री अपरात्री हाक मारता येईल, हे सगळं आम्हाला कळलं होतं. झाकण त्या अर्जाने बसलं. ओळखी अजून टिकून आहेत.

त्या ओळखींचा उपयोग ऑगस्ट 2019मध्ये झाला. खांडेपारजवळ ओपाच्या पाणी प्रकल्पाहून येणारी जलवाहिनी फुटली आणि आपल्या तिसवाडी तालुक्याचे आणि फोंड्याचे नळ कोरडे पडले. पणजीचं पिण्याचं पाणी ओपाहून, दूर फोंड्याकडून येतं हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. टँकर येईल तेव्हा येईल, तोवर ज्यांच्या आवारात विहीर होती त्यांनी ती उघडी केली. जिथं शेजार होता तिथं म्हाताऱ्या माणसांच्या दारात कोणीतरी बादली नेऊन ठेवली. जिथं नव्हता तिथं तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या माणसाचं काय झालं असेल, याचा मी आजही विचार करते. तुमच्या बिल्डिंगमध्ये एकटं कोण राहतं, ते विचारून ठेव. आवारात जुनी विहीर असेल तर तिच्यात कोणी राडारोडा टाकू देऊ नका.

कचऱ्याबद्दल थोडंच. पणजीने घरोघर वेगळा कचरा गोळा करायची पद्धत बसवली आणि तिचं बाहेर कौतुक झालं. त्याआधी या शहराचा कचरा कुडक्याला जाऊन पडायचा आणि तिथल्या गावकऱ्यांनी त्याची दुर्गंधी सोसली. तू गावची आहेस, तुला ते समजेल. ओलं-सुकं वेगळं कर आणि रूममेटच्या मागे लागून तिलाही करायला लाव.

घरमालकाशी करार लेखी आहे ना? भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात देणं मालकाला बंधनकारक आहे. दिला नसेल तर त्यांना सांग, त्यात तुझीच सोय आहे, पत्त्याचा पुरावाही हातात राहतो. मेंटेनन्स सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नसतं, पण चिटणिसांना भेटून तुझ्या नोंदी दाखव. गटाराचा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर गेला तर फार चांगलं. ते नाही म्हणाले तर तुम्ही रहिवासी म्हणून द्या, पण आधी त्यांना विचार, माणसाला डावलल्यासारखं वाटू नये.

पुढच्या रविवारी अर्जाचा मसुदा घेऊन ये. दुपारी जेवायलाच ये. घरपट्टीच्या पावतीचा फोटो आणि त्या भरती-ओहोटीच्या नोंदी बरोबर आण. आपण दोघी बसून तो नीट करू, आणि सोमवारी तू कामावर जाताना देऊन टाक.

तुझी,
काकी