सुवार्तेसाठी निघालेल्या मुलास

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. शिबिराच्या शेवटच्या रात्री प्रभूच्या कामाला तयार आहे म्हणून तू उभा राहिलास, आणि आता अंधेरीची नोकरी सोडून मेळघाटात सुवार्तेच्या, म्हणजे येशूविषयी सांगण्याच्या, कामाला जायचं म्हणतोस. घरी आई रडते, बाबा बोलत नाहीत. तरुण संघातली मुलं म्हणतात, विश्वास असेल तर सोमवारीच राजीनामा टाक. आणि तू मला विचारतोस, "मावशी, हे खरंच माझं काम आहे, की पाळकांचं?"

तुझंच आहे. इथं मी काही आडपडदा ठेवत नाही. बायबलात मत्तयाच्या 28व्या अध्यायात प्रभू येशूने सर्व राष्ट्रांकडे जायला सांगितलं, आणि त्याच दमात युगाच्या शेवटापर्यंत मी तुमच्याबरोबर आहे असंही सांगितलं. ज्या अकरा शिष्यांनी ते कानांनी ऐकलं ते तर पहिल्या शतकातच वारले. वचन आपल्यासाठी आणि आज्ञा त्यांच्यासाठी, अशी वाटणी करता येत नाही. आपल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हल्ली एक समजूत मुरली आहे: रविवारी उपासनेला जावं, नाताळला शेजारी फराळ पाठवावा आणि येशूविषयी मात्र चकार शब्द काढू नये. दिवस कसे आहेत ते मलाही दिसतं, ही भीती मला कळते. पण ती मान्य करणं मला जमत नाही. आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा हे नाव ऐकलं, कारण कुणीतरी ते सांगितलं.

मला काळजी वाटली ती तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्याने. एका वर्षात किती आत्मे जिंकता येतील, म्हणजे किती जण ख्रिस्ती करता येतील, असं तू विचारलंयस.

मी जन्मभर वॉर्डात नर्सचं काम केलं, त्यामुळे असं जिंकणं म्हणजे काय ते मला खाटेवरच्या माणसावरूनच कळतं. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. हाताला सलाईन, पोटात भूक, मनात ऑपरेशनची धास्ती. अशा वेळी सिस्टर जे म्हणेल त्याला तो हो म्हणतो. औषध नीट मिळावं, रात्री हाक मारली तर कुणी यावं, एवढ्यासाठीसुद्धा हो म्हणतो. म्हणून ड्युटीवर असताना मी स्वतःहून हा विषय कधी काढला नाही. पण कुणी विचारलं तर गप्पही बसले नाही.

एकदा रात्रपाळीला गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. गळ्यात तुळशीची माळ, उशाखाली हरिपाठ. झोप येईना तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही औषधाची गाडी ढकलायच्या आधी डोळे मिटून काय पुटपुटता?" मी सांगितलं. कुणाशी बोलते, तो कोण, तो माझ्यासाठी का मेला आणि तो जिवंत आहे असं मी का मानते, सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच दोनचार प्रश्न विचारले, एका गोष्टीवर वाद घातला, मग म्हणाले, माझ्यासाठीही त्याच्याशी बोला. मी बोलले. डिस्चार्जच्या दिवशी माळ गळ्यात होती, हरिपाठ पिशवीत होता, आणि जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते ख्रिस्ती झाले नाहीत. सुवार्ता मात्र त्यांना पुरती ऐकायला मिळाली, आणि पटली नाही तर नाही म्हणण्याची मोकळीकही. माझ्या वाट्याचं काम तेवढंच होतं.

मार्कच्या 10व्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस आठव. येशूने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली, खरं तेच सांगितलं, आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याला जाऊ दिलं. प्रभू त्याच्या मागे धावला नाही, अटही सैल केली नाही. समोरच्याला पाठ फिरवता येत असेल, तिथंच त्याच्या होकाराला किंमत आहे. बळाने, भीतीने किंवा तांदळाच्या गोणीने आणलेला होकार देवाला नको आहे, आणि माझ्या मते आपण तो देवाच्या नावावर घेणं हे पाप आहे. विरारच्या गच्च गाडीत उभं राहून मोठ्याने उपदेश करतात त्या भावाबहिणींचा आवेश मला दिसतो. पण त्या डब्यातल्या माणसाला पुढचं स्टेशन येईपर्यंत कुठं जायची सोयच नसते.

गाडीतलीच दुसरी गोष्ट घे. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला आणि गप्पा रंगल्या त्या संस्कृत काव्यावर. मग येशूविषयी बोलणं झालं. निरोप घेताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते काही पटलं नाही, तरी पुस्तक उघडलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते खिळून राहिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी इथं मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण दर रविवारी जी गीतं गातो त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. आता त्या प्रवाशाकडे बघ. त्याने आधी समोरच्या माणसाच्या विद्येला मान दिला, मग बोलायचं ते स्पष्ट बोलला आणि पुस्तक देऊन आपल्या वाटेने गेला.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडेही बघ. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. ताटातूट झाली, त्या बाईने फार सोसलं. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी सोवळं-ओवळं आपलंच ठेवून. आणि बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. ज्याला घरात बायकोच्या नकारासोबत राहता येतं, त्यालाच मी बाहेर सुवार्तिक म्हणून पाठवीन.

आता मेळघाटाचं. तिथल्या कोरकू माणसाशी हिंदीतून काम भागेल असं तू लिहिलंयस. बाजारात भागेल. पण आई लेकराला थोपटते ती कोरकूत, भांडणं होतात ती कोरकूत, आणि ती भाषा मुंडा कुळातली, मराठी-हिंदीच्या गोतावळ्यातली नव्हे. ती शिकायला वेळ लागेल आणि तो वेळ वाया गेला असं समजू नकोस. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी कलकत्त्यामार्गे फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायचा हुकूम दिला होता. अर्ज-विनंत्या करत ते टिकून राहिले आणि मराठी शिकत गेले. हॉल इथं तेरा वर्षं राहिले. बाप्तिस्मे बघायला गेलास तर फार थोडे. पण शाळा निघाल्या, छापखाना निघाला, आणि 1826 मध्ये त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये हॉल नाशिकला गेले असता तिथं पटकी (कॉलरा) पसरली होती. जवळची औषधं त्यांनी रोग्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठलं. वर्षाचा हिशोब मागणाऱ्या कुणी त्यांना पत्र लिहिलं असतं तर दाखवायला त्यांच्याकडे काय होतं?

मिशन म्हणजे गोऱ्यांचं काम असंही ऐकशील. तिरुनेलवेलीच्या मंडळीने 1903 मध्येच स्वतःची मिशनरी सोसायटी काढली होती आणि आपल्या पैशाने आपली माणसं तेलुगू मुलखात धाडली होती. तेव्हा हा टोमणा मनावर घेऊ नकोस.

कायदा मात्र मनावर घे. संविधानाच्या 25व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाधा येता कामा नये. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. काहींना हा निकाल जाचक वाटतो. मला त्यात आपल्या कामाला अडेल असं काही दिसत नाही, कारण मन पालटणं हे काम मुळात पवित्र आत्म्याचं आहे. मेळघाट ओलांडलास की मध्य प्रदेश लागतो आणि तिथं 1968 पासून धर्मांतराविषयी वेगळा कायदा होता, 2021 मध्ये त्याच्या जागी नवा आला. तो आणि आपल्या राज्यात आज जे लागू असेल ते, दोन्ही वकिलाकडून समजून घे. आजारी लेकरांचे किंवा बाप्तिस्म्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नकोस. देणगीदारांना बरं वाटतं, पण गावात त्या माणसाचं जगणं अवघड होतं. कुणाच्या देवाला नावं ठेवू नकोस. इफिसात प्रेषित पौलाच्या सोबत्यांवर जमाव चालून आला तेव्हा त्यांच्याशी काही घेणंदेणं नसलेल्या नगराच्या अधिकाऱ्याने भर सभेत सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. प्रेषितांची कृत्ये, 19वा अध्याय. तुझ्याविषयी धारणीच्या तलाठ्याला असं म्हणता आलं पाहिजे.

आणि राजीनामा अजून देऊ नकोस. अंत्युखियात शौल, म्हणजे हाच पौल, आणि बर्णबा आपल्या मनाने उठून गेले नाहीत. मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि मग पाठवलं. आधी पाळकांकडे जा, तुला पाठवायला मंडळी तयार आहे का ते विचार. ज्या संस्थेबरोबर जाणार तिचे हिशोब मागून घे. दाखवायला का-कू केली तर तिच्याबरोबर जाऊ नकोस.

तोवर दर शनिवारी परळला ये. टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर बिहार-बंगालपासूनची माणसं उपचाराची वाट बघत राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल पोटाशी धरलेली, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो ते वाचता येत नाही, शेजारी ताप आलेलं पोर. त्यांना खिडकीपर्यंत ने, रांगेत उभा राहा, फॉर्म भरून दे. तू कोण म्हणून त्यांनी विचारलं तर सांग, येशूचं नाव लपवू नकोस. पण त्यांनी विचारलंच नाही, किंवा ऐकून तोंड फिरवलं, तरी पुढच्या शनिवारी त्याच माणसासाठी त्याच रांगेत उभा राहायचास. हे तुला पावसाळाभर जमलं तर तुझ्यासाठी पाळकांकडे शब्द टाकायला मी स्वतः येईन.

आईशीही मी बोलेन, पण तू आधी बोललास तरच. पगार जाण्याची भीती बाबांना आहे. आईची भीती वेगळी आहे. पावसात घाटातला रस्ता बंद झाला आणि तुला मलेरिया झाला तर कोण बघणार, हे तिला कळायला हवं आहे, आणि तसं विचारायचा तिला हक्क आहे. जवळचा दवाखाना कुठला, तिथं डॉक्टर राहतो का, तुझ्यासोबत कोण असेल, याची नीट माहिती काढ आणि तिच्यासमोर ठेव. उपासनेनंतर घाईघाईत नको, घरी बसून, बाबाही असताना सांग. त्यानंतर मला फोन कर, मी येते.

प्रार्थनेत तुला धरून आहे.

तुझी,
मावशी