सदाफुलीचा रस आणि केमोथेरपी

आईंची केमोथेरपी चालू आहे आणि ‘कर्करोगाचे औषध सदाफुलीपासूनच बनते, मग पानांचा रस का देऊ नये?’ असे नातेवाईक विचारतात, असे आपण लिहिले आहे. त्यांचे पहिले विधान खरे आहे. नेमके म्हणूनच रस देऊ नये.

कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात ही वनस्पती तपासायला घेतली ती मधुमेहासाठी, कारण जमैकात तिच्या पानांचा काढा त्यावर घेत असत (आपल्याकडेही घेतात). साखरेवर परिणाम दिसला नाही, पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने दगावले. त्या शोधातून विनब्लास्टिन हे कर्करोगाचे औषध मिळाले. सदाफुलीतलेच विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. ते शिरेतून, शरीराच्या आकारमानानुसार मोजून आणि सहसा एका वेळी २ मिलिग्रॅमच्या आतच देतात. तरीही हातापायांना बधिरपणा येतो. पानांत ही द्रव्ये अत्यल्प असतात आणि सोबत शंभराहून अधिक इतर अल्कलॉइडे (वनस्पतींतली शरीरावर परिणाम करणारी रसायने) असतात. म्हणजे रसातून गाठीवर चालेल इतके औषध मिळण्याची आशा नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचे उदाहरण याहून बोलके आहे. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. तेच द्रव्य नरक्यातही निघाले आणि पुढे त्यासाठी कोकणात या झाडाची बेकायदा तोड झाली. मात्र रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्यांत कॅम्प्टोथेसिनमुळे मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, म्हणून त्या थांबवाव्या लागल्या. त्याच्या रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. झाडातले द्रव्य जसेच्या तसे उपयोगी पडेलच असे नसते, हे यातून दिसते.

जेवणातल्या हळदीला हरकत नाही. कर्क्युमिनच्या (हळदीतल्या द्रव्याच्या) गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

रस आधीच दिला असल्यास, रागावतील या भीतीने न लपवता, पुढच्या केमोपूर्वी डॉक्टरांना सांगा आणि दरम्यान ताप आला तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.