फवारणीचं गंधक आणि पऱ्हाटीचा कोळसा वापरून लिथियम-सल्फर बॅटरीचा कॅथोड (धन टोक) बनेल का?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कृषी केंद्रातलं 80 टक्के गंधक आणि धुऱ्यावरची पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पऱ्हाटी चालेल, ते गंधक नाही. उरलेल्या 20 टक्क्यांत पाण्यात मिसळण्यासाठी घातलेली द्रव्यं असतात, ती सेलमध्ये घाण करतात. प्रयोगशाळेतलं शुद्ध गंधक घ्या.

गंधकातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते कोळशाच्या नॅनोमीटरच्या छिद्रांत भरायचं. पऱ्हाटीचे तुकडे नायट्रोजनमध्ये 500 अंशांवर कोळसा करून घ्या. त्यात तिप्पट वजनाचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून नायट्रोजनमध्येच 800 अंशांवर एक तास ठेवा. भांडं निकेलचं हवं, क्वार्ट्झचं भांडं हे हायड्रॉक्साइड खाऊन टाकतं. मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि शेवटी पाण्याने, पीएच 7 येईस्तोवर धुवा. इथे कंटाळा केला तर राख छिद्रांतच राहते.

खरी चूक होते ती गंधकाच्या मापात. शोधनिबंधात 70 टक्के वाचलं की सगळे तेवढंच टाकतात. पण डिस्चार्जमध्ये गंधकाचं लिथियम सल्फाइड होताना आकारमान सुमारे 80 टक्के वाढतं. गंधकाची घनता 2.07, म्हणजे छिद्रांच्या दर घनसेंटिमीटरला 2.07 भागिले 1.8, साधारण 1.15 ग्रॅमच गंधक मावतं. तुमच्या कोळशाचं छिद्र-आकारमान ग्रॅममागे 1 घनसेंटिमीटर निघालं, तर मिश्रणात गंधक जेमतेम 53 टक्के. 70 टक्क्यांसाठी ग्रॅममागे 2 घनसेंटिमीटर लागतं. आधी मोजून आणा, मग ठरवा.

कोळसा आणि गंधक खलून बंद भांड्यात 155 अंशांवर 12 तास. वितळलेलं गंधक याच सुमारास सर्वांत पातळ असतं. 160 च्या वर ते गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं, आत शिरत नाही. ॲल्युमिनियम फॉइलवर या मिश्रणाचा लेप दिल्यावर 60 अंशांवरच वाळवा, नाहीतर व्हॅक्यूममध्ये गंधक उडून जातं आणि तुमचं वजनाचं गणित चुकतं.

मोबाइलच्या बॅटरीतलं कार्बोनेट इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमधलं द्रावण) नको, पॉलिसल्फाइड, म्हणजे गंधकाचं लिथियम सल्फाइड होताना मध्ये बनणारी संयुगं, त्याच्याशी भिडतात. डायऑक्सोलेन आणि डायमेथॉक्सिइथेन हे द्रावक समप्रमाणात, त्यात एक मोलर एलआयटीएफएसआय (LiTFSI, लिथियमचा एक क्षार), वर 1 ते 2 टक्के लिथियम नायट्रेट. चार्जिंग 2.4 व्होल्टच्या आसपास अडकून संपतच नसेल, तर पॉलिसल्फाइड दोन्ही टोकांत येरझारा घालतायत असं समजा. बहुतेक नायट्रेट कमी पडलंय किंवा संपलंय. 1.7 व्होल्टच्या खाली डिस्चार्ज करू नका, नायट्रेट तिथे फुटतं.

लिथियमचं काम मात्र आर्गॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्येच (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी). तो नसेल तर कोळसा-गंधकाचं मिश्रण गावाकडे करा, सेल नागपूरला, अशी पेटी असलेल्या प्रयोगशाळेत जोडा. वापरलेला सेल उघड्यावर फोडू नका: आतल्या सल्फाइडला ओल लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो विषारी आहे.