खोलीत शिरल्यावर मागायचं काय?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की काही जुने विज्ञानपट मी देवळात जावं तशी बघायला बसते. त्यावर पत्रं आली. काहींनी विचारलं, वेंगुर्ल्यात एकतीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला हे शोभतं का? त्यांना एवढंच सांगते की शिकवताना जे खरं वाटत होतं ते आजही वाटतं, आणि हेही वाटतं. आता तीन पत्रं घेते.

बाई, मी मालवाहू जहाजावर फिटर आहे. घर गुहागरजवळ. गेल्या कॉन्ट्रॅक्टला एकाच्या हार्ड डिस्कवर ‘सोलारिस’ मिळाला, १९७२चा. त्यात अंतराळस्थानकावरची माणसं हवेच्या जाळीला कागदाच्या पट्ट्या लावतात आणि रात्री त्यांचा पानांसारखा आवाज येतो. ते बघून मी केबिनमध्ये एसीच्या जाळीला तशाच पट्ट्या चिकटवल्या. दिवा घालवला आणि रडू फुटलं. सोबतचे म्हणतात, घरची आठवण आली, त्यात अध्यात्म कसलं? त्यांचं बरोबर आहे का?

तुमचं पत्र वाचून मी उठले आणि तेच करून बघितलं. जुन्या वहीच्या पानाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि टेबलफॅनच्या जाळीला सेलोटेपने लावल्या. दिवा चालू असताना तो आवाज कागदाचाच होता. दिवा घालवून पडले, आणि थोड्या वेळाने कान फसला. माडाच्या झावळ्यांसारखा नाही वाटला मला. त्यांचा आवाज जड असतो. पिंपळाचा वाटला, वारा नसतानाही सळसळतो तसा. म्हणून तुम्ही रडलात ते मला कळलं.

तुमच्या सोबत्यांना सांगा, आपल्याकडे या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं. स्वर्ग म्हणता आला असता, राजवाडा म्हणता आला असता. त्यांना माहेर सुचलं. म्हणजे सासरी नांदणाऱ्या बाईच्या पोटात श्रावण लागला की जे कालवतं, त्यालाच त्यांनी भक्तीचं नाव दिलं. मग जहाजावरच्या फिटरच्या पोटात कालवलं तर त्याला कमी का लेखायचं?

त्या प्रसंगातली आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल तर सांगते. स्थानकावर एक शास्त्रज्ञ आहे, कोरडा, सगळ्याला नावं ठेवणारा. पट्ट्यांची थट्टा करणारा तोच. पण त्याच्याही कपाटात त्या आहेत, लपवून ठेवलेल्या! मला त्या माणसाची फार माया वाटते. दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्की हा सिनेमा अशा देशात करत होता जिथे देवाचं नाव घेणं सरकारला खपत नव्हतं. सिनेमा पूर्ण झाल्यावर अधिकाऱ्यांनी बदलांची यादी दिली, त्यात देवाची कल्पना काढून टाका असंही होतं. कशी काढणार? ती कागदाच्या पट्ट्यांत होती.

मात्र शेवट नीट बघा. नायक केल्विन वडिलांच्या घरापाशी पोचतो, तळं तेच, झाडं तीच. खिडकीतून आत बघतो तर पाऊस घराच्या आत पडतोय, वडिलांच्या पाठीवर पडतोय, आणि त्यांना त्याचं काही नाही. तो दारात वडिलांसमोर गुडघे टेकतो. मग कॅमेरा वर जातो आणि कळतं की ते घर सोलारिस ग्रहावरच्या, स्थानकाखालच्या त्या विचार करणाऱ्या समुद्रातल्या एका बेटावर आहे. समुद्राने त्याच्या मनातून उचलून बनवलेलं. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या स्तानिस्लाव लेमना हा सिनेमा पटला नव्हता. माणसाला कधीच न कळणाऱ्या गोष्टीची कथा त्यांनी लिहिली होती आणि पडद्यावर आला तो एका माणसाचा पश्चात्ताप. लेम यांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि तरी मी तार्कोव्हस्कीच्या बाजूची आहे. समुद्र काय आहे हे आपल्याला कळत नाही. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर आपल्या आतून काय वर येतं, ते मात्र कळतं. तुम्ही तर रोज त्याच्यावर राहता.

पट्ट्या राहू द्या. आणि बंदराला लागलात की घरी फोन करा, तुमचं माहेर अजून खरं आहे तोवर.

बाई, आम्ही सहा जणांनी कुडाळजवळ मित्राच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, चादर लावून प्रोजेक्टरवर ‘स्टॉकर’ पाहिला. पहाटेपर्यंत वाद झाला. एक म्हणतो तीन माणसं म्हणजे सत्त्व, रज, तम. दुसरा म्हणतो ‘झोन’ म्हणजे देह आणि ‘खोली’ म्हणजे मोक्ष. माझं म्हणणं, तो काळा कुत्रा म्हणजे युधिष्ठिराचा कुत्रा. बरोबर अर्थ कुठला?

कुत्र्याचं मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, त्यामुळे तुला एकदम खोडून काढत नाही. पण तुम्ही सिनेमाचं शब्दकोडं केलंत रे. आडवे-उभे शब्द भरून झाले की कोडं संपतं आणि कागद रद्दीत जातो. हा सिनेमा तसा संपणारा नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७९चा सिनेमा, हाही तार्कोव्हस्कीचाच. सैन्याने वेढलेला एक निषिद्ध मुलूख आहे, त्याला ‘झोन’ म्हणतात. त्यात एक खोली आहे. तिथे जाणाऱ्याची मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी होते. तिथवर नेणारा वाटाड्या म्हणजे स्टॉकर. तो एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला घेऊन जातो. चित्रीकरण एस्टोनियात, टालिनच्या आसपास, बंद पडलेल्या वीजकेंद्रांपाशी झालं. पहिल्या वेळी काढलेली फिल्म धुलाईत खराब झाली आणि बराच भाग पुन्हा काढावा लागला.

आता तू त्यांची चाल बघ. स्टॉकर लोखंडी नटाला कापडाची पट्टी बांधतो, पुढे फेकतो, तो पडेल तिथवर जायचं, उचलायचा, पुन्हा फेकायचा. आल्या वाटेने परतायचं नाही. उगाच काही उपटायचं नाही. आणि गंमत बघ, अख्ख्या सिनेमात एकही सापळा कुणाचा जीव घेताना दिसत नाही. धोका आहे तो फक्त स्टॉकरच्या चालण्यात. मी विज्ञानाची बाई, मला आधी वाटलं, हा माणूस यांना फसवतोय. मग आमच्या देवराईची आठवण झाली. लहानपणी आजी सुकलेली काटकीसुद्धा तिथून उचलू द्यायची नाही. चुलीला लाकूड नसलं तरी नाही. राखणदार कुणी पाहिला होता? कुणीच नाही. पण आम्ही राईत शिरलो की आवाज आपोआप खाली यायचा, पाय जपून पडायचा. बाजूचे डोंगर उघडे झाले तरी ती राई राहिली, कारण माणसं तिथे तशी चालली. तो नट मला कौलासारखा वाटतो. देवाला पाकळी लावायची, ती उजवी पडते की डावी याची वाट बघायची. पाकळी पडेपर्यंतचा जो वेळ असतो, तेवढा वेळ माणूस आपलं घोडं पुढे दामटत नाही. एरवी आपल्याला कोण थांबवतं?

आता खोलीचं. तुमच्या वादात साळिंदराची गोष्ट आली नाही याचं मला नवल वाटतं, कारण सगळा सिनेमा तिच्यावर उभा आहे. साळिंदर हे स्टॉकरच्या गुरूचं टोपणनाव. त्याचा भाऊ झोनमध्ये मरतो, तोही त्याच्यामुळे. तो खोलीत जातो, भाऊ परत दे म्हणून. घरी येतो तर घरात पैसाच पैसा. आठवड्याभरात तो गळफास घेतो. कारण त्याला कळतं की तोंडाने भाऊ मागितला तरी आत खोल पैसाच होता. आणि खोली तोंडाचं ऐकत नाही.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, पण तुला उत्तर द्यायचं तर सांगायला हवं. २०११ साली माझे यजमान अंथरुणाला खिळले होते. पक्षाघात. पाच महिने त्यांचं सगळं मी करत होते, त्यात दहावीचे पेपर तपासायचे होते. दिरांनी गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गुरव उभे राहिले, नारळ ठेवला, आणि सुरू केलं, “बा देवा म्हाराजा…” मागे आम्ही सगळे “व्हय म्हाराजा” म्हणत होतो. ते म्हणाले, “ह्या दुखण्यातसून सोडय रे म्हाराजा.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मीही म्हणाले, आणि म्हणताना लख्ख कळलं की मी सोडव म्हणतेय ते माझ्यासाठी. त्यांना बरं कर असं माझ्या आत कुठेही नव्हतं. मला झोप हवी होती. मला माझे दोन हात परत हवे होते.

मी घाबरले. देवळाच्या पायऱ्या उतरताना पाय कापत होते. वाटलं, देवाने हे ऐकलं असेल तर?

ते त्यानंतर दीड वर्ष होते. त्यांच्या पश्चात मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. तरुणपणी मुंबईत फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला होता तेव्हा मला त्याचा शेवट भेकड वाटला होता. एवढं चालून गेलेली तीन माणसं खोलीच्या उंबऱ्यावर येतात आणि कुणीच आत जात नाही. लेखकाला साळिंदराची गोष्ट उमगलेली असते. आपल्या आत काय सापडेल या भीतीने तो थांबतो. प्राध्यापकाने खोली उडवून द्यायला बॉम्ब आणलेला असतो. तो बॉम्बचे तुकडे करून पाण्यात टाकतो. मग तिघे ओल्या जमिनीवर पाठीला पाठ लावून बसतात, आणि समोर खोलीत पाऊस येतो आणि थांबतो. त्या रात्री मला ते भेकड वाटले नाहीत. मी त्या उंबऱ्यावर बसून आले होते. आत काय आहे ते कळल्यावर माणूस धावत पुढे जात नाही, आणि घरीही लगेच जाऊ शकत नाही. त्याला कुणाच्या तरी पाठीला पाठ लावून बसावंसं वाटतं. माझ्या पाठीला तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून मला तो सिनेमा लागला.

आणि एक सांगते. त्या गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी यजमानांचं अंग पुसताना “बरे व्हाल हां” असं म्हणणं बंद केलं होतं. त्याऐवजी “मी दमलेय” म्हणायचे. त्यांना बोलता येत नव्हतं. ते डाव्या हाताने माझं मनगट धरायचे. तोवर धरलं नव्हतं कधी.

तेव्हा बरोबर अर्थ कुठला, हे मला विचारू नकोस. चादर पुन्हा लावा, पण या वेळी सिनेमा संपल्यावर वाद घालू नका. प्रत्येकाने मांगराबाहेर आपापलं बसावं आणि ती खोली मला काय देईल याचा विचार करावा. तोंडाने मागतो ते सोडून. एकमेकांना सांगायची सक्ती नको. आणि स्टॉकरची बायको शेवटी कॅमेऱ्याकडे बघून बोलते तो भाग पुढे ढकलू नका. तुमच्यापैकी दोघांनी तरी ढकलला असणार.

बाई, मी अकरावीत आहे, चिपळूणला. गणपतीला सगळे गावी जमतात. आजीबरोबर बसून बघता येईल असा असला एखादा सिनेमा सांगाल का? तिला इंग्रजी येत नाही.

दोन सांगते. पहिला ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’, १९६८चा. त्यात पहिला संवाद यायलाच साधारण पंचवीस मिनिटं लागतात, त्यामुळे तोवर तू आणि आजी अगदी बरोबरीच्या. आदिमानवांच्या टोळीपुढे एके सकाळी काळा गुळगुळीत पाषाण उभा दिसतो. ते घाबरून कालवा करतात, हात पुढे करतात, मागे घेतात, पुन्हा करतात. तेव्हा तू पडद्याकडे बघू नकोस, आजीकडे बघ. आपल्याकडे कितीतरी देव नुसत्या न घडवलेल्या पाषाणात आहेत. तो हात पुढे-मागे का होतो हे तिला कुणी समजावून द्यायला नको. नंतरचा भाग लांब आहे, तो दुसऱ्या दिवशी बघा.

दुसरा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’, १९७७चा. यात आकाशातून पाच सुरांची एक धून येते. ती ऐकलेल्या भारतातल्या लोकांचा मोठा जमाव एकत्र गाताना दाखवलाय. सिनेमात ते ठिकाण उत्तरेतलं धर्मशाला म्हणून येतं, पण चित्रीकरण झालं आपल्या रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळच्या हाळ गावात. आजीला हे आधी सांगू नकोस. तिने माणसं बघून ओळखलं तर ओळखू दे. परदेशी शास्त्रज्ञ विचारतात, हा सूर आला कुठून? आणि तो सगळा जमाव एकदम हात वर करतो.

त्यावर आजी काय म्हणाली ते मला कळव.