काळ्या दगडाचा पोत: ठिपके वाढवू नका

तुमचं चित्र पाहिलं. वेरूळकडचा सच्छिद्र काळा दगड, निब आणि शाई. तक्रार अशी की जितके ठिपके वाढवावेत तितका दगड छापील कापडासारखा सपाट दिसतो. हा त्रास चांगला ओळखीचा आहे. हात बसलेला आहे तुमचा, त्यामुळे निब कशी धरायची वगैरे सोडून देतो.

घोळ एकच आहे: तुम्ही दगडाचा रंग काढताय. हा दगड, म्हणजे बेसॉल्ट, काळा म्हणून उन्हातली बाजूही काळी भरलीत. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात काळं म्हणजे फक्त सावली. उन्हातली बाजू कोरा कागद, दगड कितीही काळा असो. ज्वारीच्या भाकरीवरचे तव्याचे डाग हा रंग. सुटलेल्या पापुद्र्याखाली पडते ती सावली. डाग सोडा, सावली काढा.

आणि पोत सगळीकडे काढायचा नसतो. ऊन आणि सावली जिथे भेटतात तिथल्या बोटभर पट्ट्यात तो सगळ्यात जास्त दिसतो. उन्हाकडे विरळ होत जातो, गडद सावलीत सलग काळ्यात बुडतो.

आता छिद्रं. उजेड डावीकडून वरून असेल तर खड्ड्याची डावी-वरची कड काळी आणि समोरची उजवी-खालची पांढरी. उलट केलं की खड्ड्याचा फोड होतो. तुमच्या मधल्या ओळीत निम्मे फोड झालेत. दगड जिथे वळतो तिथे छिद्रं चपटी करा.

माझं मत कडक वाटेल, पण 'दगड', 'लाकूड', 'लोकर' अशा पोतांचे चौकोन वस्तू समोर न ठेवता पाठ करून भरायला लावणारे वर्ग मुलांचं नुकसान करतात. असल्या एका वर्गाची सवय मोडायला फार वेळ जातो. त्यापेक्षा दगड टेबलावर ठेवा, ट्यूबलाइट बंद, एकच दिवा बाजूने, टेबलापासून जेमतेम १५-२० अंश वर. फोटो काढून बघणार असाल तर मोबाइलचा फ्लॅश नको. तो लेन्सला चिकटून असतो, सावल्या खाऊन टाकतो. डोळे बारीक करून मोठी सावली आधी ब्रशने भरा, वाळू द्या, मग निब. कागद गुळगुळीत आयव्हरी कार्ड. खरखरीत कागदावर निब अडकते.

हे निब-शाईपुरतं. टॅबलेटवाल्यांनी आपलं बघावं.

वेरूळला बसून काढणार असाल तर दुपारनंतर जा. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. ऊन सरकतं, म्हणून सावलीची हद्द आधी पेन्सिलीने आखा आणि नंतर बदलू नका. मंगळवारी लेणी बंद.