नमुना तुझ्या हातातून जाणार का?

अनेक आशीर्वाद.

मेडिकल लॅब टेक्निशियनच्या कोर्सची तू पाठवलेली तिन्ही माहितीपत्रकं वाचली. इमारतींचे फोटो भरपूर आहेत. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, हे मात्र एकातही नाही. आणि तू अजून डिप्लोमा की पदवी यातच अडकून बसला आहेस! डिप्लोम्याने लवकर कामाला लागता येतं, पदवीने पुढच्या शिक्षणाचा रस्ता खुला राहतो. संस्थेला मान्यता नसेल तर ती यादीतून काढून टाक. एवढं झालं की एकच प्रश्न उरतो: रुग्णाच्या रक्ताचा नमुना तुझ्या हातातून जाणार का?

निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य), हे तू परीक्षेत बरोबर लिहिशील. पण नळी अर्धीच भरली तर रक्ताच्या मानाने सायट्रेट जास्त होतं, रक्त गोठावं म्हणून तपासणीत घातलेलं कॅल्शियमही ते बांधून ठेवतं आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटीच लांबते. अशी नळी ओळखून परत पाठवायची आणि वैतागलेल्या सिस्टरला कारण समजावायचं, हे फळ्यावर शिकवता येत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त कुणी बायोकेमिस्ट्रीच्या नळीत ओतलं, तर त्यातल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या पोटॅशियमच्या क्षारामुळे पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम पार खाली गेलेलं दिसतं. नुसत्या हेमोलिसिसमध्ये (तांबड्या पेशी फुटल्या तर) पोटॅशियम वाढतं, पण कॅल्शियम असं कोसळत नाही. दोन्ही आकडे शेजारी दिसताच शंका यायला हवी.

स्मिअरचंही, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरण्याचंही, तेच. थेंब पसरवणारी वरची स्लाइड 30 ते 45 अंशांत धरतात. कोन वाढला की फिल्म जाड आणि आखूड होते, कमी झाला की पातळ आणि लांब. म्हणून अ‍ॅनिमियाच्या पातळ रक्ताला कोन थोडा वाढवायचा, दाट रक्ताला उतरवायचा. हे मनगटाला कळावं लागतं, आणि त्यासाठी शेकडो स्लाइड वाया घालवायची मुभा हवी. एका मायक्रोस्कोपभोवती दहाजण उभे असतील तर ती कुठून मिळणार?

माझा हा हट्ट लोकांना जाच वाटतो. वाटू दे. चुकीचा रिपोर्ट रुग्णाला भोवतो, प्रमाणपत्राला नाही.

तिथे गेलास की लॉगबुक मागून बघ. ‘पाहिलं’ आणि ‘स्वतः केलं’ असे वेगळे रकाने आहेत का? हॉस्पिटलमधलं पोस्टिंग किती महिने, रक्तपेढी आणि मायक्रोबायोलॉजीतही पाठवतात का, हे विचार. आपोआप तपासण्या करणारा मोठा ऑटोअ‍ॅनालायझर दाखवून भुलवतील. त्यावर सकाळचा कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, कोण लावतं, तेवढं विचारून घे. कंट्रोल सरासरीपासून 3 एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला तर विद्यार्थी काय करतात? “पुन्हा लावतो” एवढ्यावरच उत्तर संपलं तर उठून ये. आधी रुग्णांचे रिपोर्ट थांबवायचे, मग कंट्रोल नीट विरघळला होता का, रिएजंटची (तपासणीच्या रसायनाची) मुदत आणि लॉट कोणता, शेवटचं कॅलिब्रेशन (यंत्राची मोजणी जुळवणं) कधी झालं, हे बघायचं. हे सगळं तिथल्या मुलांनी स्वतः केलेलं असलं पाहिजे.

फी भरण्याआधी शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घे आणि गेल्या आठवड्यात त्याने स्वतः किती जणांचं रक्त काढलं ते विचार. तो काय सांगतो ते मला कळव.